गंजलेली रोटरी भंगारात घालण्याआधी

मे महिना निम्मा सरला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदम आठवतात. एक घराची कौले आणि दुसरे औत. राब भाजून झालेला असतो, बदलापूरची जांभळे काळी पडू लागलेली असतात, आणि मग घरातले कोणीतरी गोठ्यामागे जाऊन लोखंडावरचा फाटका प्लास्टिकचा कागद उचलते. खाली काय असते ते शेतकरी बंधूंनो, तुम्हाला सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात 'उद्या धुऊ' म्हणून ठेवलेले अवजार, त्यावर सुकलेला चिखल, आणि चिखलाखाली गंजाचे पोपडे.

आमच्या शिरगावच्या घरामागे अशीच एक रोटरी पडून होती. थोडीथोडकी नव्हे, अकरा वर्षे. पॉवर टिलरची रोटरी, म्हणजे पाठीमागे लागणारा, गोल फिरून चिखल करणारा पात्यांचा रूळ. टिलर मात्र चालू होता, आणि ही गोष्ट जरा लाजिरवाणीच आहे. शिरगाव आता बदलापूर पूर्वेत मिसळून गेले. इमारती उठू लागल्या तेव्हा आम्ही टिलरची रोटरी सोडली, मागे ट्रॉली जोडली आणि विटा-रेती वाहायला लागलो. रोज रोख पैसा. ज्या यंत्राने खाचरे नांगरली त्याच यंत्राने खाचरांवरच्या इमारतींचे सामान वाहिले. रोटरी गोठ्यामागे गेली ती गेलीच.

उरली चार खाचरे. तीही दोन-तीन वर्षे दुसऱ्याला लावायला दिली होती. या खेपेला बाबा म्हणाले, भात घरचेच लावायचे. बैलजोडी कधीच गेली. भाड्याचा ट्रॅक्टर बोलवावा तर तो त्याच्या सवडीने येणार. शिवाय आपली खाचरे तुम्ही पाहिलीच आहेत. मोठा ट्रॅक्टर आत शिरला तर वळताना बांध फोडतो, आणि जमीन फार मऊ असली तर स्वतःच रुततो. भाताला वाट पाहणे परवडत नाही. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की आवणी व्हायला हवी. जून झालेले रोप लावले तर फुटवे कमी येतात, हे कृषी विद्यापीठ सांगते आणि आपल्या आज्यांनाही ते ठाऊक होते. खाचरात पाणी उभे असते त्याच चार दिवसांत चिखलणी उरकली नाही तर सगळे गणित चुकते.

म्हणजे रोटरी हवी. आणि त्याच आठवड्यात दारात भंगारवाला उभा.

त्याने रोटरीला पाय लावून पाहिला, जरा हलवली आणि किलोवर भाव सांगितला. भाव वाईट नव्हता. पण त्याने वजन धरले ते लोखंडाचे. आत बेअरिंग आहे, साखळी आहे, गिअर आहेत, त्याचे काही नाही. त्याचेही बरोबर आहे, त्याला ती वितळवायची आहे. नवा पॉवर टिलर घ्यायचा तर दोन लाखांच्या आसपास जातो. अनुदान आहे, त्याबद्दल पुढे सांगतो, पण अनुदानाचा टिलर अर्ज, यादी, पूर्वसंमती, खरेदी या वाटेने येतो. मृग त्यासाठी थांबत नाही.

जे वाचक घाटावरचे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. पॉवर टिलर हे मुळात भातशेतीचे यंत्र. दोन चाके, पुढे डिझेल इंजिन, मागे दोन लांब दांडे, आणि माणूस मागून चालतो. जपानात लहान खाचरांसाठी ते वाढले. आपल्याकडे बंगलोरच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने ते बनवायला घेतले. केरळ सरकारची कामको कंपनी १९७३ साली निघाली, तिचा टिलर कुबोटाच्या धाटणीचा. कोकणात दिसतात ते बहुतेक या दोन घराण्यांतले, अलीकडे चिनी बनावटीचेही आले. फायदा असा की पंचवीस-तीस वर्षांच्या टिलरचे सुटे भाग आजही मिळतात. जुने यंत्र जगवायचे की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा, भाग मिळतो का? मिळत असेल तर गंजाला घाबरू नका.

घण नको, तेल

पहिल्या दिवशी आम्ही तेच केले जे सगळे करतात. रोटरीत पहार घालून जोर लावला. हलली नाही. मग मोठा घण आणला. बाबा ओट्यावरून ओरडले, "घण नको घालू, पोरा. रुसलाय तो. त्याला तेल पाज." बाबांचे म्हणणे यंत्रशास्त्रातही खरे आहे. लोखंड गंजते म्हणजे हवा आणि पाणी त्याला खाते आणि त्याची भुकटी होते. ही भुकटी मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते. दोन भागांमध्ये जी केसाएवढी फट असते ती गंज फुगून गच्च भरतो. म्हणून न वापरलेला नट, कोणी आवळला नसतानाही, दरवर्षी अधिक घट्ट होत जातो. तिथे घण घातला तर गंज निघत नाही, बोल्ट तुटतो. बिडाचे घर असेल तर त्याला चीर जाते, आणि बिडाची चीर म्हणजे खरेच भंगार.

दुसरी चूक याहून मोठी. काही जण रोटरी तशीच टिलरला जोडतात आणि इंजिन चालू करून लिव्हर ओढतात. 'इंजिनाच्या जोराने सुटेल' म्हणून. साखळी तुटते, नाहीतर आतली चावी कापली जाते, नाहीतर गिअरचा दात जातो. पाचशे रुपयांचे काम पाच हजारांवर जाते. जाम झालेले अवजार हाताने फिरू लागेपर्यंत इंजिनाला जोडायचे नाही, एवढे एक पाळा.

आम्ही रोटरी दोन साखरी ओंडक्यांवर आडवी ठेवली. खुरप्याने चिखल खरवडला. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याशिवाय तेल आत जात नाही, चिखलच पिऊन टाकतो. मग तारेचा ब्रश. ब्रश मारल्यावर कळले की आपल्याला वाटत होते त्यापेक्षा अवस्था बरी आहे. वरचे पोपडे जाड होते, खाली लोखंड शाबूत. पाती सोडून. पाती झिजून निम्मी झाली होती, ती बदलावीच लागणार होती.

सोडण्याआधी एक गोष्ट जरूर करा. खडूने खुणा करा, किंवा मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. रोटरीची पाती डावी आणि उजवी अशी दोन तऱ्हेची असतात, आणि ती रुळावर मळसूत्रासारखी फिरत फिरत बसवलेली असतात, म्हणजे एका वेळी एक-दोनच पाती जमिनीत शिरावीत. सगळी सोडून ढीग केलात आणि मग अंदाजाने बसवलीत तर टिलर उड्या मारतो, दांडे हातातून सुटू पाहतात, आणि माती एका बाजूला ढकलली जाऊन खाचर वाकडे होते.

आता तेल. बाजारात गंज सोडवायचे फवारे मिळतात, डब्ल्यूडी-४० हे त्यातले सर्वांना माहीत असलेले नाव. चांगले आहेत, पण अठरा बोल्टांना आणि एका रुळाला डबी पुरत नाही. पूर्वी रेशनचे रॉकेल असे, ते या कामाला उत्तम. आता ते सहजासहजी मिळत नाही. आम्ही डिझेल आणि गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये घालतात ते पातळ तांबडे तेल निम्मे-निम्मे मिसळले. जळके इंजिन ऑइल वापरू नका. ते जाड असते, फटीत शिरत नाही, वर बसून राहते. कोंबडीच्या पिसाने किंवा जुन्या इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब-थेंब नटाच्या कडेला सोडायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि प्रत्येक वेळी लहान हातोडीने नटाच्या सहाही बाजूंवर हलके टिचके मारायचे. ते टिचके फार महत्त्वाचे. त्या कंपनाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्या तड्यांतून आपोआप ओढले जाते, दिव्याच्या वातीत चढते तसे. आम्ही हे चार दिवस केले. शेजारचे विचारू लागले, रोटरीची पूजा चाललीय का?

पाचव्या दिवशी पाना लावला. इथे साधा दोन बोटांचा पाना वापरू नका, तो नटाच्या कडा खातो, आणि कडा गेल्या की पाना घसरून बोटे फुटतात. रिंग पाना किंवा सहा बाजूंची गोटी घ्या. आणि सोडण्याआधी किंचित आवळा. हो, आवळा. एवढीशी हालचाल झाली की गंजाची पकड मोडते, मग सोडायला लागा. अर्धा आटा सुटला की पुन्हा थोडा आत, पुन्हा तेल, पुन्हा बाहेर. सरळ ओढत राहिलात तर गंजाची भुकटी आट्यांत साचून बोल्ट मध्येच पुन्हा अडकतो. दांड्याला पाइप घालायचा तर बेताने घाला. बोल्ट वळतो आहे की पिळतो आहे ते हाताला कळते. पिळताना तो जरा रबरासारखा लागतो. तसे लागले की थांबा.

अठरापैकी अकरा बोल्ट असे सुटले.

चार बोल्टांना उष्णता द्यावी लागली. बोल्ट नाही, नट तापवायचा. नट तापला की फुगतो, आतला बोल्ट त्या मानाने थंड असतो, आणि मध्ये फट पडते. फट किती? २० मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापले तर जेमतेम सात शतांश मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड तेवढ्यानेही सुटते. तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. ही युक्ती आम्हाला अंबरनाथच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितली.

आगीचे काम करताना काही गोष्टी सोडू नका. आधी टाकलेले डिझेल कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. डिझेल टाकी, साखळीचे बंद घर, दोन्ही टोकांना बंद असलेला पाइप, यांना कधीही ज्योत लावू नका, आतली वाफ फुटते. ऑइल सीलजवळ तापवू नका. आणि पाती तापवू नका, ती कडक पोलादाची असतात, लाल केली की त्यांचे पाणी उतरते, मग ती मातीत वाकतात. लोहाराला हे सांगायला लागत नाही, पण आपल्या घरच्या उत्साही पोरांना सांगायला लागते.

उरलेले तीन बोल्ट कापले. त्यात कमीपणा काही नाही. ग्राइंडरने नटाला एका बाजूने खाच पाडायची आणि खाचेत छिन्नी ठेवून मारायची, नट उकलतो. डोळ्यावर चष्मा हवाच. एकाचे डोके तुटून बोल्टचा तुकडा भोकात राहिला, त्यावर मिस्त्रीने नवा नट ठेवून आतून वेल्डिंग भरले आणि गरम असतानाच पान्याने फिरवला. सरळ बाहेर आला. वेल्डिंगच्या उष्णतेने अर्धे काम आधीच केलेले असते.

आत काय निघाले

बोल्ट सुटले तरी रूळ फिरेना. साखळीच्या घराचा तळाचा बोल्ट काढला. आधी पाणी आले, पेलाभर, स्वच्छ. मग राखाडी दुधासारखे तेल. तेलात पाणी मिसळले की त्याचा असाच रंग होतो. याचा अर्थ ऑइल सील फुटलेले होते आणि अकरा पावसाळे थोडे-थोडे पाणी आत जात होते. झाकण उघडले तर साखळीची खालची बाजू, जी पाण्यात होती, लालभडक. वरची बाजू तेलाने काळी, पण नव्यासारखी.

घर डिझेलने तीनदा धुतले. साखळी काढून डिझेलच्या डब्यात चार दिवस बुडवली, मग एकेक कडी हाताने वाकवून पाहिली. सहा कड्या अडखळत होत्या. साखळीची कडी अडखळत असेल तर ती दाताच्या चाकावर उडी मारते, म्हणून आम्ही साखळी नवीच घेतली. दात तपासले, ते हुकासारखे वाकडे झीजलेले नव्हते, ठेवले.

बेअरिंगबद्दल एक फायद्याची गोष्ट सांगतो. कंपनीचा भाग मिळत नाही म्हणून पुष्कळ अवजारे पडून राहतात. पण बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो, ६२०६ किंवा ६३०७ असा. तो आकडा साऱ्या जगात एकच. तो लिहून घ्या आणि उल्हासनगर, कल्याणच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा, टिलरचे नावही सांगायची गरज नाही. ऑइल सीलचेही तसेच. त्यावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. आकडे पुसले गेले असतील तर जुने सील खिशात घालून न्या. सील बदलायला चुकवू नका. नवे बेअरिंग घालून जुने सील ठेवणे म्हणजे नवे कौल घालून गळके वासे तसेच ठेवण्यासारखे.

आमचे एक बेअरिंग हाताने फिरवले की वाळू दळल्यासारखे लागत होते, दुसरे फिरतच नव्हते. दोन्ही पुलरने काढली. बेअरिंगला थेट हातोडी मारू नका, ते काचेसारखे कडक असते, कपचा उडतो. रुळाच्या दांड्यावर, जिथे सीलचा ओठ घासतो, तिथे गंजाने खड्डे पाडले होते. तिथे कितीही नवे सील बसवले तरी तेल गळणारच. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेने लेथची लहान दुकाने आहेत. तिथल्या टर्नरने दांडा किंचित तासून त्यावर पातळ पोलादी बांगडी बसवली. खर्च झाला तो इथे झाला, बाकी सारे घरचे श्रम. आपण शेतकरी एक विसरतो, की कारखान्यांच्या शेजारी राहण्याचे तोटे आपण रोज भोगतो, पण हा फायदा घेत नाही. जे काम आडगावच्या शेतकऱ्याला तालुक्याला दोन खेपा घालून करून घ्यावे लागते, ते आपल्याला एका लोकलच्या अंतरावर आहे.

मागचे खोलीचे चाक राहिले होते. त्याचा वरखाली करायचा स्क्रू इतका जाम होता की तेल, उष्णता, कशानेच हलेना. त्याला विजेचे स्नान घातले. ऐकून हसू नका. प्लास्टिकचा अर्धा पिंप पाण्याने भरायचा, चार-पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाकायचा. गंजलेला भाग तारेने मध्ये टांगायचा आणि त्याला बॅटरी चार्जरची वजा बाजू जोडायची. अधिक बाजूला भंगारातल्या साध्या लोखंडाचा पत्रा, तो त्या भागाला टेकता कामा नये. १२ व्होल्टचा जुन्या तऱ्हेचा चार्जर लागतो, नवे स्वयंचलित चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय चालूच होत नाहीत. बटण दाबले की बुडबुडे सुटतात, आणि एका रात्रीत गंज काळ्या लगद्यासारखा सुटून येतो. चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही.

यात तीन पथ्ये आहेत. अधिक बाजूला स्टेनलेसची थाळी-चमचा लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. अॅल्युमिनियमचा भाग यात घालू नका, सोडा त्याला खातो. आणि हे उघड्यावरच करा, बिडी विझवून, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. भाग हलवताना चार्जर आधी बंद करा. कडक पोलादाची पाती, स्प्रिंगा यांनाही हे स्नान नको, त्या ठिसूळ होऊ शकतात.

लहानसहान वस्तूंना, पिना, वायसर, कड्या यांना, चिंचेचे किंवा लिंबूसत्वाचे पाणी पुरते. देवाची तांब्याची भांडी ज्या चिंचेने उजळतात तीच चिंच लोखंडाचाही गंज सोडवते. मात्र आंबटातून काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुडवा, लगेच वाळवा आणि लगेच तेल लावा. नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते.

पुन्हा जोडताना

नवी पाती पूर्ण संच घेतली. चार नवी चौदा जुनी असे केले तर रूळ असमतोल होतो आणि नव्या बेअरिंगची वाट लागते. बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला पाहून घ्या, फाटकाचे मऊ बोल्ट इथे चालत नाहीत. प्रत्येकाला स्प्रिंग वायसर. आट्यांना ग्रीसचा हात लावला, म्हणजे पुढच्या वेळी मी किंवा माझा मुलगा चार दिवस टिचके मारत बसणार नाही. घरात ९० नंबरचे गिअर ऑइल, खुणेपर्यंतच. बाहेरून रेड ऑक्साइड आणि त्यावर रंगाचा एक हात. रंग कोणता म्हणाल तर घरात खिडक्यांचा उरला होता तो, हिरवा.

मागचे पत्र्याचे झाकण गंजून चाळणी झाले होते. ते 'असू दे' म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. सोडू नका. टिलर चालवणारा माणूस रोटरीच्या अगदी मागे दोन पावलांवर चालत असतो. चिखलात पाय घसरला तर मध्ये फक्त ते झाकण असते. आम्ही नवा पत्रा कापून बसवला. आणि रोटरी फिरती ठेवून टिलर मागे घ्यायचा नाही, ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. पात्यांत गवत किंवा दोरी गुंतली तर इंजिन बंद करूनच हात घाला, नुसता क्लच दाबून नव्हे.

चाचणी आधी हाताने. रूळ एका हाताने पूर्ण फिरला पाहिजे, कुठे अडखळायला नको. मग जोडून इंजिन मंद, दहा मिनिटे, रोटरी हवेत. बंद करून बेअरिंगच्या जागी हात लावून पाहिला. कोमट. हात ठेववत नसेल इतके तापले तर उघडावे लागते. खाली थेंबभर तेल दिसले, सीलचे नव्हे, झाकणाच्या कागदी गॅस्केटचे. दोन बोल्ट आवळले, थांबले.

ग्रामपंचायत आणि सोसायटीसाठी

हे पान ग्रामसेवक, सरपंच, सोसायटीचे सचिव वाचतात म्हणून जरा त्यांच्याशी बोलतो. तुमच्या गोदामात काय पडले आहे ते एकदा पाहा. कुठल्यातरी योजनेत आलेला टिलर, मळणी यंत्र, फवारणीचा पंप, डिझेल इंजिन. डेडस्टॉक रजिस्टरला ते चालू म्हणून उभे असते आणि गोदामात ते जाम असते. मग एके वर्षी लेखापरीक्षणात शेरा येतो आणि निर्लेखनाचा ठराव होतो. लिलावात ते भंगाराच्या भावाने जाते, आणि पुढच्या वर्षी तीच ग्रामसभा नव्या यंत्राची मागणी करते. निर्लेखनाच्या ठरावाआधी एक दिवस मिस्त्री बोलवून उघडून बघण्याचा खर्च फार नाही. अंबरनाथला शासकीय आय.टी.आय. आहे. फिटर आणि डिझेल मेकॅनिकची पोरे शिकायला खरे जाम झालेले यंत्र मिळाले तर खूश होतील. प्राचार्यांना एक पत्र लिहायला काय हरकत आहे?

अनुदानाचे सांगतो म्हटले होते. केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून आहे. त्यात आपल्या राज्यात महाडीबीटीवरून अर्ज करायचा असतो, आणि गटानुसार ४० ते ५० टक्के, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, मदत मिळते. अवजारे बँकेलाही त्यात वाव आहे. ज्याच्याकडे काहीच यंत्र नाही त्याने जरूर अर्ज करावा. पण ते सारे नव्या खरेदीसाठी. जुने दुरुस्त करणाऱ्याला त्यात जागा नाही. गावात एक गोटी पान्यांचा संच, एक पुलर, एक ग्रीस गन सामायिक ठेवायला मात्र कोणाच्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.

उल्हास नदीकाठच्या गावांचा प्रश्न वेगळा. २६ जुलै २००५ आठवा, किंवा २७ जुलै २०१९, जेव्हा बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात उभी राहिली. अशा पुरात यंत्र बुडाले तर गंजायची वाट पाहू नका. पाणी उतरल्याबरोबर, इंजिन चालू न करता, तेलाच्या सगळ्या टाक्या उघडून पाणी काढा, गोड्या पाण्याने गाळ धुवा, डिझेलने आतून धुवा, नवे तेल भरा, हाताने फिरवा. पहिल्या दोन दिवसांत केलेत तर काही बिघडत नाही. दोन महिन्यांनी केलेत तर वर लिहिलेले सगळे करावे लागते.

आणि ठेवायचे कुठे? आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. छप्पर हवेच, पण गोठ्यात नको. शेण-मुताची वाफ लोखंडाला फार खाते. युरियाच्या आणि अमोनियम सल्फेटच्या पोत्यांशेजारी तर मुळीच नको, खते हवेतले पाणी ओढतात आणि लोखंडावर खारट ओल धरते. प्लास्टिकचा कागद गच्च बांधू नका, आत घाम सुटतो. खालून वारा जाईल असे झाका. जमिनीवर टेकवू नका, लाकडावर ठेवा. काम संपल्या दिवशीच धुवा, वाळवा, पात्यांवर जुन्या तेलाचा हात फिरवा. इथे मात्र जळके ऑइल चालते. ते विहिरीजवळ सांडू नका, डब्यात ठेवा.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाल्यावर चौथ्या दिवशी रोटरी खाचरात उतरवली. बाबा बांधावर छत्री घेऊन उभे. पहिली फेरी मी फार भीत-भीत घातली, कान सारखा मागे. दुसऱ्या फेरीला चिखल लोण्यासारखा झाला. बाबांनी छत्री मिटली, दांडे माझ्या हातातून घेतले आणि तिसरी फेरी स्वतः घातली, वयाचा विचार न करता. चारही खाचरे दुपारच्या जेवणाआधी झाली. शेजारच्याने बांधावरूनच विचारले, उद्या माझी दोन करून देतोस का? त्याचीही केली.

खोलीच्या चाकाचा स्क्रू अजून जरा जड फिरतो. आवणी उरकली की त्याला पुन्हा एकदा पिंपात घालायचा आहे.